सेफ्टीची पदवी हातात आहे, मग सेफ्टी ऑफिसरचं पद का मिळत नाही?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी 23 वर्षांची, छत्रपती संभाजीनगरची. वडील वाळूजमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रावर, कामाला होते. ती नववीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. बारावी सायन्स, गणित घेऊन झाल्यावर तिने घरच्यांशी भांडून एका खासगी विद्यापीठातून औद्योगिक सुरक्षा या विषयात तीन वर्षांची बी.एस्सी. केली. आता दीड वर्षापासून ती चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, साडेतीनशे कामगारांच्या कंपनीत ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) ट्रेनी आहे. पगार 17 हजार. रजिस्टर भरायचं, गेटवर हेल्मेट आणि बूट तपासायचे, ऑडिटसाठी फोटो काढून फाइल लावायची, एवढंच काम. मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज केला तर ‘या पदवीवर ही जागा भरता येत नाही’ असं उत्तर आलं. एक इन्स्टिट्यूट 1 लाख 75 हजारांत नेबॉश या इंग्लंडच्या सुरक्षा-परीक्षेचा कोर्स आणि ‘गल्फमध्ये हमखास नोकरी’ देतो म्हणतेय. मामा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मागच्या महिन्यात एका कामगाराच्या तळहाताला आठ टाके पडले. साहेबांनी त्याला घरी न पाठवता चार दिवस स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं आणि हिला रजिस्टरमध्ये ‘प्रथमोपचार’ असं लिहायला सांगितलं. तिने लिहिलं. पत्राच्या शेवटी ती विचारते, “सर, या क्षेत्रात खरंच स्कोप आहे का? बाबा तर अजूनही म्हणतात की चूक माझीच होती, माझं लक्ष नव्हतं.”

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू स्कोपबद्दल विचारलं आहेस आणि त्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुझ्या शेवटच्या ओळीपाशी थांबू दे.

तीन वर्षं तू हा विषय शिकलीस, म्हणून तुलाच विचारतो. बाबांची प्रेस पायाच्या पॅडलवर चालत होती की दोन हातांच्या बटणांवर? दोन बटणं असली तर त्यातलं एक काडी खोचून कायमचं दाबून ठेवलेलं होतं का? पुढे जाळी होती का, की पीस काढायला आड येते म्हणून कोणीतरी सोडवून कोपऱ्यात ठेवली होती? एकदा दाबलं की प्रेस कधीकधी दोनदा पडते, अशी तक्रार आधी कोणी केली होती का? शिफ्टमध्ये किती नग काढायचे होते, आणि बोटं गेली तेव्हा शिफ्टचा कितवा तास चालू होता?

आठ तासांत काही हजार वेळा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, हात घालायचा आणि काढायचा असेल, तर एकदा लक्ष चुकणारच. माझं चुकेल, तुझं चुकेल, प्रेसच्या मालकाचंही चुकेल. माणूस चुकतो हे धरूनच यंत्र बांधायचं असतं. हात आत असताना ते खाली येताच कामा नये. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते बघायचं. नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरायचं. तेही नाही जमलं तर यंत्रालाच आडकाठी घालायची. मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि अगदी शेवटी हातमोजे-हेल्मेट. ही उतरंड तू परीक्षेत लिहिली असशील. आता ती बाबांच्या प्रेसला लावून बघ. ‘लक्ष ठेव’ ही सूचना पार खालच्या पायरीवर येते. कारखान्याने वरच्या पायऱ्या सोडल्या आणि खालच्या पायरीचा दोष तुझ्या बाबांनी इतकी वर्षं स्वतःच्या डोक्यावर घेतला.

मुंबईच्या गिरण्यांतल्या माणसांना हे फार पूर्वी कळलं होतं. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्या लक्षात राहिली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झालेल्या माणसाला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. इजा कामावर झाली, एवढाच त्या मागणीचा आधार होता. दोष कोणाचा हे त्यांनी विचारलं नव्हतं.

हे मी आधी का सांगतोय? कारण तुझ्या आत्ताच्या नोकरीत तुलाही उतरंडीच्या तळाशीच बसवलं आहे. गेटवर बूट बघ, फोटो काढ, फाइल लाव. हे करून करून कोणालाही वाटेल की या कामात काही दम नाही. तुझी शंका क्षेत्राबद्दलची आहे असं तुला वाटतंय. मला ती बरीचशी या खुर्चीबद्दलची वाटते.

आता पदवीबद्दल. इथे तुझी फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, पण प्रवेश देताना जे सांगायला हवं होतं ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तुझ्यासारखीच पदवी घेतलेली बरीच मुलं हे सदर वाचतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सेफ्टी ऑफिसर हे पद कायद्याने निर्माण केलेलं आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 40-बी होतं. हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, आणि राज्य सरकार ठरवेल त्या धोकादायक कारखान्यांत, सेफ्टी ऑफिसर नेमणं त्याने सक्तीचं केलं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेने ही मर्यादा खाली आणली. सर्वसाधारण कारखान्यात 500 कामगार, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250, बांधकामावर 250 आणि खाणीत 100. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. म्हणजे कायद्याने भराव्या लागणाऱ्या जागा वाढणार आहेत. ही तुझ्या बाजूची गोष्ट.

पण त्या जागेवर कोण बसू शकतं हे नियमांत लिहिलेलं असतं. राज्यांच्या नियमांचा साचा साधारण असा आहे: एक, अभियांत्रिकीची पदवी आणि कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षांचा अनुभव; किंवा भौतिकशास्त्र अथवा रसायनशास्त्राची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव; किंवा अभियांत्रिकीचा डिप्लोमा आणि पाच वर्षांचा अनुभव. दोन, याशिवाय औद्योगिक सुरक्षेची, राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा डिप्लोमा. तीन, कारखान्यातले बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा.

तुझ्या हातात यातली दुसरी गोष्ट आहे, तीही राज्याने तुझा अभ्यासक्रम मान्य केला असेल तर. पहिली नाही. म्हणून त्या कंपनीने अर्ज परत केला. त्यांनी तुझ्या हुशारीवर शेरा मारलेला नाही. ही अट मला अन्यायाची वाटत नाही, आणि का वाटत नाही ते पुढे सांगतो. अन्याय झाला तो तीन वर्षांची फी घेताना ही अट न सांगण्यात.

तेव्हा पहिलं काम. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज कर, दहा रुपयांत होतो. राज्याने मान्य केलेल्या सुरक्षा अभ्यासक्रमांची यादी आणि सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेचा आज लागू असलेला नियम, या दोन गोष्टी माग. नव्या संहितेमुळे नियम बदलाच्या वाटेवर आहेत, म्हणून जुन्या पुस्तकातली किंवा इन्स्टिट्यूटच्या माहितीपत्रकातली पात्रता धरून पुढची पाच वर्षं आखू नकोस. कागद हातात आला की तुझी पदवी कुठे उभी आहे ते नक्की कळेल.

दुसरं, पहिली पायरी तुला अजूनही चढता येते. बारावीला गणित होतं हे तुझ्या पत्रात ओघात आलं आहे, पण ते महत्त्वाचं आहे. बी.एस्सी. झालेल्या आणि बारावीला गणित असलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही बारावी सायन्सवर प्रवेश आहे. हिशेब मांडून बघ. पदवीला तीन वर्षं आणि नंतर अनुभवाची दोन. डिप्लोमाला दोन वर्षं आणि अनुभवाची पाच. वरवर डिप्लोमा जवळचा वाटतो, पण पदवीचा रस्ता दोन वर्षांनी छोटा आहे. मात्र तीन वर्षं पगाराविना काढणं तुमच्या घराला परवडणार नसेल तर हा हिशेब उलटतो. नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या संस्था आता आहेत, पुणे परिसरात तशी सोय मिळाली तर नोकरी धरून डिप्लोमा करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. शिकत असतानाचा पर्यवेक्षणाचा अनुभव धरला जाईल का, हेही त्याच संचालनालयाला पत्राने विचार आणि उत्तर जपून ठेव.

ज्यांची पदवी आधीच अभियांत्रिकीची किंवा रसायनशास्त्राची आहे, त्यांच्यासाठी वाट सरळ आहे. आधी कारखान्यात अनुभव, मग वर्षभराचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथला औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा उद्योगांत फार मानाने बघितला जातो. राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांतही हा डिप्लोमा आहे. पैसे भरण्याआधी ती संस्था मंडळाच्या यादीत या वर्षी आहे का, एवढं बघायचंच.

आता मी म्हटलं होतं की आधी कारखाना समजून घेण्याची अट मला पटते, त्याचं कारण.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं कोकणपट्टीतल्या एका रासायनिक कारखान्यात गेली. एका रिअॅक्टरची आतून सफाई करायची होती. माणूस आत उतरवायचा म्हणजे परमिट लागतं, आणि त्यावर माझी सही. उत्पादन अडलं होतं, घाई होती, मी टेबलावरच सही केली. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद आहे असं कागदावर लिहिलेलं होतं आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. खाली एका जुन्या ऑपरेटरने पोराला उतरूच दिलं नाही. तो व्हॉल्व्ह बंद करूनही पासिंग देतो, म्हणजे थोडा वायू सोडतच राहतो, हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. पाइपलाइन खोलून मध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी भरीव चकती, टाकल्याशिवाय तो कोणाला उतरू देत नसे. नायट्रोजनला वास नसतो. हवेतला ऑक्सिजन त्याने हटवला की माणूस एकदोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, सही बघून नायट्रोजन थांबत नाही.”

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. त्यानंतर तीन महिने मी माझ्या ड्यूटीनंतर त्याच्या पाळीत थांबलो. ड्रॉइंग हातात घेऊन एकेक लाइन त्याच्याबरोबर चाललो. कुठला पंप कधी रुसतो, कुठलं तापमान किती वेगाने चढलं की घाबरायचं, कुठला अलार्म सगळ्यांनी बंद करून ठेवला आहे. सुरक्षेचं माझं खरं शिक्षण ते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे 2016 मध्ये स्फोट झाला आणि मे 2024 मध्ये पुन्हा. भिंती, काचा, आसपासची घरं, किती माणसं. अशा कारखान्यात सेफ्टीवाला म्हणून जाणाऱ्या माणसाला आत काय शिजतंय हे कळत नसेल, तर तो हेल्मेट तपासण्यापलीकडे काय करणार?

म्हणून माझा तुला आग्रह आहे की पुढचं प्रमाणपत्र घेण्याआधी एक प्रक्रिया मुळापासून शिक. तुझ्यासाठी ती प्रेस आहे, तुझ्या कंपनीत प्रेस लाइन असेलच. प्लांट हेडकडे जा आणि सांग की मला सहा महिने प्रेस शॉपमध्ये पर्यवेक्षकाच्या हाताखाली टाका. डाय कशी बसवतात, क्लच कसा सुटतो, ब्रेक झिजला की काय होतं, ऑपरेटर दोन बटणांचं एक का बांधतो, सगळं बघ. बटण बांधणाऱ्याला रागावू नकोस. विचार. बहुतेक वेळा तो सांगेल की बटणं इतकी उंच लावली आहेत की दुपारपर्यंत खांदे भरून येतात. मग बटणांची उंची बदलून घे. ती काडी त्या दिवशी आपोआप निघेल, आणि तुला ज्या दिवशी असं एक काम जमेल त्या दिवसापासून माणसं तुझ्याशी खरं बोलायला लागतील. हा सगळा काळ पर्यवेक्षणाचा अनुभव म्हणून कागदावर लागावा यासाठी बदलीचं पत्र लेखी घे, हुद्द्यासकट.

“मुलगी आहे, फ्लोअरवर नको, डॉक्युमेंटेशनच बघू दे,” असं तुला उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण मी हे वाक्य इतक्या कारखान्यांत ऐकलंय की आधीच बोलून ठेवतो. जून 2021 मध्ये मुळशीत पिरंगुटजवळ उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. फ्लोअरवर बायका केव्हाच्या आहेत, पॅकिंगला आहेत, असेंब्लीला आहेत. तिथलं स्वच्छतागृह लांब आहे म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात, हे पुरुष सेफ्टी ऑफिसरला कोणी सांगत नाही. मला नाही सांगितलं. आमच्या कारखान्यात एक नर्सबाई आल्या तेव्हा मला हे कळलं, आणि तोवर माझी नोकरी निम्मी झाली होती. तू फ्लोअरवर जाणं म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही, कामाची गरज आहे.

स्कोपबद्दल. हा शब्द आपण असा वापरतो की जणू तो सरकारने कुठे साठवून ठेवलेला असतो. तुझ्या पत्रात धरलेलं आहे की स्कोप म्हणजे ते कायद्यातलं पद, किंवा गल्फ. पण जरा बघ, बाबांची प्रेस शॉप किती माणसांची होती? शंभर? दीडशे? जुन्या कायद्यात तिथे सेफ्टी ऑफिसर सक्तीचा नव्हता, आणि नव्या संहितेतही ती मर्यादेखालीच राहते. तुझी आत्ताची कंपनीसुद्धा, साडेतीनशेची. मोठ्या कारखान्यांसाठी पदं आहेत, आणि बोटं जातात त्यातली कितीतरी छोट्या पुरवठादारांकडे जातात. या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत बरंच काम उभं राहत आहे. मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादारांची सुरक्षा तपासणी करायला माणसं ठेवतात. आयएसओ 45001 या कामावरच्या सुरक्षा-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची व्यवस्था बसवून देणारे सल्लागार असतात. विमा कंपन्यांना कारखाना बघून जोखीम सांगणारा माणूस लागतो. या जागांना नियमांतल्या पात्रतेचं बंधन तसं नसतं. तिथे माणसाला काय दिसतं, याला किंमत असते. प्रेस खऱ्या अर्थाने ओळखणारी, मराठी-हिंदीत ऑपरेटरशी बोलू शकणारी आणि अहवाल इंग्रजीत नीट लिहिणारी मुलगी पुरवठादार तपासणीच्या कामात लवकर पुढे जाईल, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक शाखा आहे जिच्याकडे आपल्याकडची मुलं वळत नाहीत, आणि याचं मला वाईट वाटतं. औद्योगिक आरोग्य-स्वच्छता, म्हणजे हवेतली धूळ, सॉल्व्हंटची वाफ, आवाज, उष्णता मोजणं आणि कमी करणं. कटणारं बोट दिसतं. दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात साठणारी सिलिका वीस वर्षं दिसत नाही आणि दिसते तेव्हा त्यावर इलाज नसतो. प्रेस शॉपमध्ये आठ तास 90 डेसिबलच्या वर आवाज असला तर तो मर्यादेबाहेर आहे, हे नियम सांगतो. पण तुमच्या शॉपमध्ये तो शेवटचा कधी मोजला? बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं का, हेही विचार. विज्ञानाची पदवी असलेल्या मुलीला हे काम जमण्यासारखं आहे. यंत्रं वापरायला शिकवणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात आहेत आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच विषयावर काम करते. फायरचं क्षेत्र मात्र यापासून वेगळं धर. त्याचा कायदा वेगळा, परवाने वेगळे, नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे त्याचं माहेर. जाहिरातींत ‘फायर अँड सेफ्टी’ जोडून लिहितात म्हणून ती एकच नोकरी होत नाही.

गल्फबद्दल थोडक्यात. नेबॉश ही इंग्लंडची परीक्षा घेणारी मान्यवर संस्था आहे, तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आखाती देशांत खरोखर विचारलं जातं. प्रमाणपत्र वाईट नाही. वाईट आहे ते दीड वर्षाच्या अनुभवावर, कर्ज काढून, ‘हमखास’ या शब्दावर जाणं. ते प्रमाणपत्र राज्याने मान्य केलेल्या डिप्लोमाची जागा घेत नाही, म्हणजे परत आलीस की तुझा इथला प्रश्न तिथल्या तिथेच असेल. तीन-चार वर्षांनी, हाताशी साइटचा अनुभव असताना, जायचं तर जरूर जा. इन्स्टिट्यूटचं नाव नेबॉशच्या स्वतःच्या यादीत आहे का ते बघ. परदेशी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुझ्या कोर्सच्या 1 लाख 75 हजारांत ‘नोकरी’चे किती धरलेत, ते लेखी मागून बघ. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समज.

मामांचं म्हणणं प्रेमातून आलेलं आहे. तुमच्या घराने कारखान्याची किंमत मोजली आहे, त्यांना भाचीने पुन्हा तिकडे जायला नको असणार. पण बँकेची परीक्षा ही काही जाता जाता उरकण्याची गोष्ट नाही, दोन-तीन वर्षं सगळं सोडून बसावं लागतं. ज्याला ते काम करायचंय त्याने जरूर बसावं. तुझ्या पत्रात बँकेबद्दल एक ओळ आहे आणि प्रेसबद्दल अडीच पानं. संचालनालयातल्या अधिकाऱ्यांच्या जागा मात्र डोक्यात ठेव, त्या लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जातात. त्यांनाही तांत्रिक पात्रता लागते, म्हणून अभियांत्रिकीची पायरी पुन्हा इथेच येते.

आता त्या आठ टाक्यांबद्दल. हे सगळ्यात अवघड आहे आणि तू ते पत्रात दोन ओळींत उरकलं आहेस, यावरून ते तुला किती सलतंय ते कळतं.

कामावरच्या इजेने माणूस 48 तास किंवा जास्त काम करू शकला नाही, तर कारखान्याने अपघाताची नोटीस सरकारकडे द्यायची असते. त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून हजेरी लावली ती एवढ्यासाठीच. गेटवरच्या पाटीवर ‘अपघाताविना इतके दिवस’ हा आकडा तसाच पुढे जातो. पण त्या माणसाचं नुकसान असं की उद्या त्या तळहाताची बोटं मिटेनाशी झाली, तर त्याला ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडे, दाखवायला कागद उरत नाही. तू लिहिलेला ‘प्रथमोपचार’ त्याच्या आड येईल.

तू 23 वर्षांची, ट्रेनी, समोर साहेब. तू लिहिलंस म्हणून मी तुला अपराधी ठरवणार नाही. पण ते दुरुस्त करता येतं, आणि आत्ता करता येतं. साहेबांना एक साधा मेल लिही: अमुक तारखेच्या इजेत आठ टाके पडले होते आणि संबंधित कामगार चार दिवस त्याच्या मूळ कामावर नव्हता असं माझ्या लक्षात आलं आहे, तरी नोंद दुरुस्त करून अपघाताची नोटीस आणि ईएसआयचा अपघात अहवाल पाठवावा. आरोप नको, विशेषणं नकोत. त्या मेलची एक प्रत स्वतःकडे ठेव. यापुढे स्वतःची वही ठेव. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोणाला सांगितलं. न पाहिलेल्या कामाच्या परमिटवर आणि मागच्या तारखेने कशावरही सही करू नकोस. कोणी मेलं तर पोलीस तो कागद उचलतात आणि त्यावर तुझं नाव असतं.

यावरून नोकरी जाऊ शकते, हे मी लपवत नाही. म्हणून मेल पाठवण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला आहेत का ते बघ, आणि दुसरीकडे अर्ज सुरू कर. पण फार लांबवू नकोस, त्या माणसाच्या हाताला वेळ नाही. आणि हेही माहीत असू दे की नियमांच्या त्याच साच्यात सेफ्टी ऑफिसरला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा दिलेला आहे. त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करायचं आणि त्याच्या कर्तव्याला बाधा येईल असं दुसरं काम त्याला द्यायचं नाही. पुढची मुलाखत देशील तेव्हा विचार: सेफ्टीचा माणूस इथे कोणाला रिपोर्ट करतो? उत्पादनाच्या मॅनेजरला, असं उत्तर आलं तर तिथे हीच खुर्ची पुन्हा मिळेल.

या रविवारी घरी जाणार असशील तर बाबांशेजारी बस आणि वर विचारलेले प्रश्न एकेक करून त्यांना विचार. पॅडल की बटणं, जाळी, दोनदा पडणारी प्रेस, नगांचा आकडा. वहीत उतरवून घे, चित्र काढायला सांग. अपघात झाला तेव्हा त्यांचं ईएसआय कार्ड होतं का, आणि बोटं गेल्यावर त्यांना वैद्यकीय मंडळापुढे नेऊन कायम अपंगत्वाचा लाभ ठरवला होता का, हेही विचार. नसेल ठरवला तर सगळे जुने कागद घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, तू स्वतः जा. आणि तुम्हा दोघांत काय बोलणं झालं ते मला लिही.